‘त्यांना काय कळतंय?’ – स्मृतिभ्रंशाबद्दलचा एक गैरसमज

“आजींना आता काही कळत नाही, फॉर्म तुम्हीच भरा.” घोडबंदर रोडवरच्या एका वृद्धाश्रमात माझ्या मावशीबद्दल मला हे सांगितलं गेलं. स्मृतिभ्रंश झाला की माणसाला स्वतःच्या जगण्याबद्दल काही सांगता येत नाही, असं ठाण्यात कितीतरी घरांत मी ऐकलंय. हे खरं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत जगण्याचा दर्जा (क्वालिटी ऑफ लाइफ) म्हणजे त्या व्यक्तीची आपल्या जगण्याबद्दलची स्वतःची धारणा. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारातल्या रुग्णांचा हा दर्जा मोजायला ‘क्यूओएल-एडी’ नावाची 13 प्रश्नांची प्रश्नावली आहे: तब्येत, मनःस्थिती, राहण्याची जागा, घरची माणसं, पैसा वगैरे. प्रत्येकाला 1 ते 4 गुण. रुग्णाला ती तोंडी विचारतात, नातेवाइकांकडून वेगळी भरून घेतात. आजार सौम्य किंवा मध्यम असेल तर बहुतेक रुग्णांची उत्तरं भरवशाची असतात. नातेवाईक मात्र सहसा कमी गुण देतात. मला वाटतं, आपला थकवा आणि काळजीच त्यात उतरते. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये 2010 पासून ठरावीक तपासणीत शक्य तिथे रहिवाशालाच थेट विचारतात.

बोलणं पूर्ण थांबलं तर चेहरा, हात, जेवण यांचं निरीक्षण करावं लागतं. पण तो शेवटचा मार्ग.

वृद्धाश्रमाच्या त्या फॉर्मवर मी ‘मनःस्थिती: वाईट’ लिहिणार होते. तेवढ्यात मावशीलाच विचारलं. थोडं थांबून ती म्हणाली, “बरी आहे गं. चहा तेवढा गार देतात. आणि पलंग खिडकीकडे करा, येऊरचा डोंगर दिसेल.”

पलंग त्याच संध्याकाळी हलवला.