संगणकाची वेळ चुकतेय? हाताने लावण्याआधी हे वाचा

“नेट चालू आहे, पण एकही साइट उघडत नाही,” असा फोन आला की आम्ही आधी विचारतो, कोपऱ्यात तारीख कोणती दिसते? साइटच्या सुरक्षा सर्टिफिकेटला मुदत असते. संगणक 2015 सालातच अडकला असेल तर आजचं सर्टिफिकेट त्याच्या लेखी अजून सुरूच झालेलं नसतं, म्हणून तो साइट नाकारतो. नेटवाल्याचा यात काही दोष नाही.

रोज सकाळी जुनीच तारीख दिसत असेल तर मदरबोर्डवरचा, म्हणजे संगणकातल्या मुख्य सर्किटवरचा, सेल गेला असं समजा. नाण्याएवढा, 3 व्होल्टचा, सीआर 2032 नावाचा. भिंतीवरचं बटण बंद केलं किंवा लाइट गेली की घड्याळ त्याच एका सेलवर चालतं. आपल्याकडे लाइटचं काय सांगावं! डेस्कटॉपचा सेल पाच मिनिटांत बदलतो. लॅपटॉप मात्र घरी उघडू नका.

फरक तासांचा असेल तर टाइम झोन बघा. विंडोज नव्याने टाकली की कधीकधी अमेरिकेचा पॅसिफिक झोन राहून जातो आणि घड्याळ हिवाळ्यात साडेतेरा तास मागे दिसतं. अशा वेळी बहुतेक जण हाताने वेळ लावतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कारण टाइम सर्व्हर, म्हणजे नेटवरून वेळ पुरवणारा संगणक, जागतिक वेळ देतो. तिची भारतीय वेळ करणं झोनचं काम. झोन ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ हाच हवा, अधिक 5:30, म्हणजे जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे.

पाच-दहा मिनिटांचा फरक असेल तर सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’, मग ‘डेट अँड टाइम’, आणि तिथलं ‘सिंक नाऊ’ दाबा, म्हणजे वेळ सर्व्हरशी जुळते. झालं नाही तर मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून पुन्हा दाबा. आता झालं, तर अडथळा तुमच्या राऊटरमध्ये किंवा ऑफिसच्या फायरवॉलमध्ये (नेटची ये-जा तपासणाऱ्या पहाऱ्यात) आहे: वेळ ज्या वाटेने येते तो यूडीपी पोर्ट 123 बंद असणार. हॉटस्पॉटवरही नाही झालं, तर विंडोजच्या ‘सर्व्हिसेस’ यादीमध्ये ‘विंडोज टाइम’ चालू आहे का ते बघा. फरक पंधरा तासांहून मोठा असेल तर विंडोज सहसा सर्व्हरचंही ऐकत नाही. तेवढ्यापुरती तारीख-वेळ हाताने जवळपास आणा, मग सिंक करा.

कॅमेऱ्याचा डीव्हीआर, म्हणजे फुटेज साठवणारा डबा, संगणकाची वेळ घेत नाही, त्याचं घड्याळ वेगळं. मोंढ्यातल्या एका आडत दुकानात सोयाबीनच्या पोत्यांवरून वाद झाला. साडेचारचं फुटेज काढलं तर पडद्यावर रिकामं दुकान. हवा होता तो माल पावणेचारच्या फुटेजमध्ये सापडला, डीव्हीआरचं घड्याळ पाऊण तास मागे होतं. डीव्हीआरच्या मेनूत एनटीपी, म्हणजे नेटवरून वेळ घेणं, चालू करता येतं, पण त्याला नेटची वायर तरी लावलेली हवी!

फोन करताना मोबाइलवरची आणि संगणकावरची, दोन्ही वेळा सांगा. तारखेसकट.