कळवलं की आपलंच नाव एफआयआरमध्ये? नाही हो

ऐरोली, कोपरखैरणेच्या सोसायट्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय की एखादा मुलगा ऑनलाइन कट्टर टोळक्याच्या नादी लागतोय असं वाटून कुठे कळवलं तर आपण फिर्यादी होतो, नाव सगळीकडे जातं आणि पोराचं आयुष्य बरबाद. अर्धवट माहिती आहे ही.

1098 ला फोन करणं म्हणजे एफआयआर नाही, ती बालकांसाठीची हेल्पलाइन आहे. काळजी सांगितली की बाल कल्याण समितीचा, म्हणजे मुलांच्या काळजी आणि संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या समितीचा, रस्ता उघडतो, मुलावर गुन्हा आपोआप दाखल होत नाही. उलट 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 83 मुलांना वापरणाऱ्या सशस्त्र गटांवर आहे, 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी. आणि कलम 74 मुळे मुलाचं नाव, पत्ता, शाळा मीडियात छापता येत नाही, साक्षीदार मूल असेल तर त्याचंही नाही.

आता तुमच्या नावाचं. गुन्ह्याची खबर कोणाकडून मिळाली हे सांगायची सक्ती पोलिसांवर करता येत नाही, हे साक्ष कायद्यात जुनंच आहे. प्रकरण कोर्टात गेलं आणि साक्ष द्यावी लागली तर साक्षीदार संरक्षण योजना आहे, धोका असेल तर अर्ज करायचा. पण खरी गळती आपल्याकडूनच होते, फोन करायच्या आधी सोसायटीच्या ग्रुपवर टाकायची घाई!

शंका चुकीची निघाली तर? तो गुन्हा नाही, जाणूनबुजून खोटं सांगणं हा गुन्हा.