अठरा, तेवीस, पंचवीस, अठ्ठावीस

६ सप्टेंबर १८७०. स्पेनच्या वायव्य टोकाला, केप फिनिस्टेरच्या पाण्यात ब्रिटिश नौदलाची अकरा जहाजं एकत्र चालली होती. त्यांत 'मोनार्क' होतं आणि 'कॅप्टन'ही होतं. दोन्ही नवीकोरी, दोन्ही लोखंडी. दोघांवर फिरत्या बुरुजांत बसवलेल्या बारा इंची तोफा, आणि वाफेच्या इंजिनाच्या जोडीला तीन-तीन डोलकाठ्या व भरपूर शिडं. मध्यरात्रीच्या सुमाराला वारा पिसाळला. दोघांना वारा तोच, लाटा त्याच. उजाडल्यावर मोजलं तर जहाजं दहाच भरली. कॅप्टन नव्हतं.

जहाज बुडालं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आधी भोक येतं. खडकावर आपटलं असेल, दुसरं जहाज येऊन धडकलं असेल. कॅप्टनच्या तळाला असं काहीच झालं नव्हतं. ते कललं आणि सावरलं नाही, एवढंच. कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ अशीच कलंडली. लाटेला घाबरून माणसं एका बाजूला धावली, आणि सहाशेहून जास्त जीव गेले. तिथे भार सरकला होता. कॅप्टनवर कुणीही जागचं हललं नव्हतं, म्हणून ती गोष्ट जास्त चक्रावणारी आहे.

ती समजून घ्यायला थोडं गणित लागतं, पण आकडे न मांडताही ते कळतं. तरंगणाऱ्या जहाजावर दोन जोर काम करतात. वजन खाली ओढतं, ते गुरुत्वमध्यातून. पाणी वर ढकलतं, ते जहाजाचा जेवढा भाग बुडलेला आहे त्याच्या मध्यातून. जहाज सरळ उभं असताना हे दोन्ही एकाच रेषेत असतात. जहाज उजवीकडे कललं की गुरुत्वमध्य जहाजातल्या आपल्या जागीच राहतो, पण बुडलेल्या भागाचा आकार बदलतो. उजवी बाजू जास्त बुडते, डावी वर येते, आणि पाण्याच्या रेट्याचा मध्य उजवीकडे सरकतो. आता एक जोर खाली आणि दुसरा थोडा बाजूने वर. दोघं मिळून जहाजाला पुन्हा उभं करू पाहतात. या दोन जोरांमधलं आडवं अंतर म्हणजे सावरणारी भुजा. जात्याचा खुंटा मध्यापासून जितका लांब तितकं जातं हलकं फिरतं. इथेही तसंच: भुजा लांब, तर सावरण्याची ताकद जास्त.

जहाज कलत जाईल तशी ही भुजा भराभर वाढत जाते. पण कुठवर? कलत्या बाजूचा डेकचा काठ पाण्याला टेकेपर्यंत. तोवर प्रत्येक अंशाला जहाजाची आणखी थोडी कोरडी भिंत पाण्यात उतरते आणि जोर देते. काठ बुडाला की उतरायला भिंतच उरत नाही. मग भुजेची वाढ मंदावते, एका कोनाला ती सर्वांत लांब होते, तिथून घटू लागते आणि पुढे शून्यावर येते. त्यापलीकडे तेच दोन जोर जहाजाला उलटं करायला मदत करतात.

परात आणि पातेलं पाण्यावर सोडली तर परात आधी बुडते, ही गोष्ट वेगळी बरं का. परातीत पाणी भरतं म्हणून ती जाते. कॅप्टनचा डेक बंद होता. काठ बुडाला तरी लगेच पाणी आत शिरणार नव्हतं. पण सावरायला लागणारी भिंत संपली होती.

पाण्यापासून डेकपर्यंतच्या या कोरड्या भिंतीच्या उंचीला फ्रीबोर्ड म्हणतात. मोनार्कचा फ्रीबोर्ड होता १४ फूट. कॅप्टनचा आराखड्यात ८ फूट, आणि प्रत्यक्षात साडेसहा. जेमतेम १४ अंश कललं की त्याचा काठ पाण्याला टेके. मोनार्कला साधारण दुप्पट कलावं लागे.

इतकी बुटकी भिंत मुद्दाम का ठेवली? कॅप्टन कूपर कोल्स हा नौदल अधिकारी क्रिमियाच्या युद्धात तराफ्यावर तोफ चढवून लढला होता. तिथून त्याच्या डोक्यात फिरत्या बुरुजाची कल्पना बसली. जहाज न वळवता नुसती तोफ वळवायची. कल्पना अव्वल होती, पुढच्या सगळ्या युद्धनौकांनी तीच उचलली. पण चिलखती बुरूज भयंकर जड असतो, तो उंचावर ठेवून चालत नाही. म्हणून डेक खाली आणायचा. शिवाय बुटकं जहाज शत्रूला कमी दिसतं आणि त्याला चिलखतही कमी लागतं. इथवर ठीक होतं. पण त्या काळची इंजिनं कोळसा बकाबक खात, आणि दूरच्या समुद्रात कोळसा मिळेलच याचा भरवसा नव्हता. तेव्हा शिडं हवीतच. कोल्सने बुटक्या जहाजावर नौदलातल्या सर्वांत उंच डोलकाठ्यांपैकी तीन उभारल्या. दोर तोफांच्या आड येऊ नयेत म्हणून प्रत्येक डोलकाठीला तिपाईसारखे लोखंडी पाय दिले, आणि दोर ओढायला बुरुजांच्या वर एक अधांतरी माळा बांधला. वाऱ्यात जहाज कललं की हा माळासुद्धा खालून वारा झेलायचा, म्हणजे आणखी एक शीडच.

नौदलाचा मुख्य नौकाशिल्पी एडवर्ड रीड याला हे मुळीच पटलं नव्हतं. त्याने स्वतः आखलेलं बुरूजवालं जहाज म्हणजे मोनार्क. कोल्सला ते उंच भिंतींचं जहाज नापसंत. त्याने वर्तमानपत्रांतून आणि पार्लमेंटमधून एवढा गदारोळ उठवला की १८६६ मध्ये नौदलाने हात टेकले: बांध बाबा तुझं जहाज, जबाबदारी तुझी आणि बांधणाऱ्यांची. बर्कनहेडच्या लेअर्ड बंधूंच्या गोदीत काम सुरू झालं. कोल्स बराच काळ आजारी, देखरेख ढिली. आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूचं वजन काटेकोर तपासायला हवं होतं, ते झालं नाही. तयार जहाज ठरल्यापेक्षा सातशे टनांहून जास्त जड निघालं आणि तेवढं खोल बसलं. ८ फुटांचे साडेसहा झाले ते असे.

इथे विज्ञानाची मोठी गंमत आहे. मोठ्या कोनांवर जहाज किती सावरेल हे काढायची रीत काही त्या वर्षी शोधायची नव्हती. पिएर बूगेर हा फ्रेंच गणिती पृथ्वीचा आकार मोजायला दक्षिण अमेरिकेत गेला, आणि तिथल्या डोंगरांत बसून त्याने नौकाशास्त्रावर ग्रंथ लिहिला. तो १७४६ साली छापला गेला. मेटासेंटर ही संकल्पना त्यात आहे. एका बिंदूच्या उंचीवरून जहाजाची स्थिरता जोखायची, सुटसुटीत. अडचण एकच, हा बिंदू फक्त थोडं कलण्यापुरता खरं बोलतो. जॉर्ज अ‍ॅटवूडने अठराव्या शतकाच्या अखेरीस ही उणीव दाखवून मोठ्या कोनांचं गणितही मांडलं होतं. पण ते किचकट, वेळखाऊ. गोद्यांमधून बूगेरचा बिंदूच चालत राहिला.

आणि त्या बिंदूच्या हिशेबात कॅप्टन आणि मोनार्क यांत फारसा फरकच नव्हता! दहा अंशांपर्यंत कॅप्टन झकास. मे १८७० मधली सफर छान झाली, त्यानंतरचीही झाली. तोफा स्थिर, खलाशी खूश, टीकाकार गप्प. नौदलमंत्री ह्यू चिल्डर्सने आपला मुलगा मोनार्कवरून कॅप्टनवर आणला. जहाजाचा कप्तान ह्यू बर्गोईन हा व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला कसलेला माणूस. त्याच्या अनुभवाला मी दोष देणार नाही. उंच भिंतींच्या जहाजांवर आयुष्य गेलेल्या माणसाला धोका अंगाने जाणवतो, पण तो त्या जहाजांचा धोका. या जहाजाचा नाही.

तरीही जुलैअखेर पोर्ट्समथच्या गोदीत त्याची कलचाचणी घेतली गेली. वजनं डेकच्या एका बाजूकडून दुसरीकडे न्यायची आणि लांब ओळंबा किती सरकतो ते मोजायचं. त्यावरून गुरुत्वमध्य कुठे आहे ते कळतं. मग एकेका कोनासाठी भुजा काढून वक्र आखायचा. कारकून-गणिती आकडेमोड करत होते. ती पुरी होऊन निकाल हाती येण्याआधी कॅप्टन समुद्रावर निघून गेलं होतं.

तो वक्र सांगत होता: कॅप्टनची सावरणारी भुजा २१ अंशांना सर्वांत लांब, आणि ५४ च्या आसपास शून्य. मोनार्कची ४० अंशांपर्यंत वाढत जाणारी.

६ तारखेच्या दुपारी अ‍ॅडमिरल अलेक्झांडर मिल्न कॅप्टनवर पाहणीला आले होते. जहाज १४ अंशांपर्यंत कलत होतं आणि डेकच्या काठावरून पाणी वाहत होतं. हे त्यांना काही रुचलं नाही आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. कोल्स स्वतः जहाजावरच होता. त्याला त्यात वावगं काही वाटलं नाही. हवा बिघडतेय म्हणून मिल्न आपल्या जहाजावर परतले.

मध्यरात्री पाळी बदलली. वारा आडवा, शिडं अजून काही चढलेली. बर्गोईन डेकवर आला, शिडं उतरवायचा हुकूम दिला, आणि विचारलं, किती कललंय? वाचलेल्या खलाशाने पुढे चौकशीत उत्तरं सांगितली: अठरा. तेवीस. पंचवीस. अठ्ठावीस.

अठरा आणि तेवीसच्या मधे एकवीस गेलं. डेकवर उभ्या असलेल्या एकाही माणसाला तो आकडा माहीत नव्हता. मोनार्कवर तेवीसला अजून ताकद वाढत असते, कॅप्टनवर ती उतरणीला लागलेली होती. शिवाय झोत अचानक आला की झोपाळ्यासारखं होतं, वेगाच्या भरात जहाज समतोलाच्या जागेपलीकडे जातं. त्याला थोपवायला वक्राखालचं क्षेत्रफळ लागतं, म्हणजे साठवणीतली ताकद. ती तिथे नव्हतीच.

जेम्स मे हा तोफखान्याचा माणूस बेचैन वाटून त्याच वेळी मागच्या बुरुजात तोफा नीट बांधल्यात का ते बघायला गेला होता. पाणी आत घुसलं तसा तो छपरातल्या नेम धरायच्या भोकातून बाहेर आला. असे एकूण अठरा जण एका होडीतून किनाऱ्याला लागले. पावणेपाचशेच्या आसपास माणसं गेली. कोल्स, बर्गोईन, चिल्डर्सचा मुलगा, सगळे त्यात होते. त्या रात्री शेजारच्या जहाजांना हाकही ऐकू गेली नाही.

नौदलाच्या न्यायालयाने निकालात स्पष्टच म्हटलं की हे जहाज नौदलाच्या तज्ज्ञांचं मत डावलून, लोकमताला मान देऊन बांधलं गेलं. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये पितळी पत्र्यावर ते कोरलेलं आहे. स्मारकावर असा ठपका मी तरी दुसरीकडे वाचलेला नाही.

पुढच्या वर्षी युद्धनौकांचे आराखडे तपासायला समिती बसली. तिच्यात विल्यम थॉमसन होते, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, आणि विल्यम फ्रूडही. या फ्रूडनेच नंतर टॉर्की इथे लांबलचक हौद बांधून जहाजांची छोटी प्रतिरूपं ओढून पाहायला सुरुवात केली. समितीचे अध्यक्ष होते लॉर्ड डफरिन, पुढे आपल्याकडे व्हाइसरॉय म्हणून आले तेच. त्यांच्या कारकिर्दीच्या शेवटी, नोव्हेंबर १८८८ मध्ये, मांडवीहून मुंबईला निघालेली 'वैतरणा' ही आगबोट सातशेहून जास्त प्रवाशांसह सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात नाहीशी झाली. नाव आपल्या ठाणे-पालघरच्या नदीचं. विजेच्या दिव्यांमुळे लोक तिला 'विजळी' म्हणत. ना अवशेष मिळाले, ना कुणी वाचलं, त्यामुळे ती कशी गेली याचा उलगडा कधी झालाच नाही. युद्धनौकांसाठी वक्र आखायचा रिवाज पडला होता. प्रवासी बोटींना तो मिळायला आणखी पुष्कळ वर्षं लागली.

समितीपुढे एक नवं जहाज होतं, रीडनेच आखलेलं 'डेव्हॅस्टेशन'. त्याचा फ्रीबोर्ड कॅप्टनपेक्षाही कमी. पण शिडं नाहीत, डोलकाठ्यांचं जंगल नाही, सगळा प्रवास इंजिनावर. वारा धरायलाच काही नाही, तर तो उलथवणार कशाला? बुटकेपणा एकटा गुन्हेगार नव्हता, उंच शिडांशी त्याची गाठ मारली गेली हे वाईट. वक्र आखून, तपासून डेव्हॅस्टेशन १८७३ मध्ये कामावर रुजू झालं आणि १९०८ मध्ये मोडीत निघेपर्यंत कधी उलटलं नाही. खलाशांना मात्र वक्रांवर विश्वास नव्हता. असं सांगतात की पहिल्या सफरीआधी कुणीतरी त्याच्या शिडीपाशी कागद चिकटवून ठेवला होता: कॅप्टनसाठी पत्रं असतील तर इथे टाकावीत.