फ्रान्समधला अणुवीज आणि पवन-सौर विजेचा मेळ

देशाच्या ग्रिडमध्ये अणुवीज नि पवन-सौर वीज एकत्र चालवायची म्हणजे नेमकं काय करावं लागतं, याचं सगळ्यात मोठं चालू उदाहरण फ्रान्सचं आहे. तिथे ५७ रिअ‍ॅक्टर आहेत आणि २०२४ मध्ये एकूण विजेपैकी साधारण ६७ टक्के अणुवीज होती, उरलेल्यात जलविद्युत मोठी, मग पवन, मग सौर. अणुभट्टी एकदा चालू केली की फुल लोडवरच चालवावी लागते असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं, पण फ्रान्समध्ये कित्येक भट्ट्या रोज कमी-जास्त केल्या जातात, याला लोड फॉलोइंग म्हणतात.

ही सवय कुठून आली यावर दोन मतं आहेत. १९७३ च्या तेलसंकटानंतर मार्च १९७४ मध्ये पंतप्रधान पिएर मेस्मेर यांनी अणुऊर्जेचा मोठा कार्यक्रम जाहीर केला, पुढे मागणी अंदाजाइतकी वाढली नाही आणि भट्ट्या जास्त झाल्या, म्हणून त्या रात्री नि वीकेंडला खाली आणाव्या लागल्या, असं एक मत. दुसरं असं की इतका मोठा वाटा अणुवीजेचा असेल तर कोणीतरी मागणीच्या मागे धावणार हे ईडीएफ या सरकारी कंपनीला आधीच माहीत होतं आणि तयारी डिझाइनमध्येच होती. त्यासाठीचे बदल साधारण १९७० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेले दिसतात, म्हणजे जादा क्षमतेची ओरड व्हायच्या आधी, त्यामुळे दुसरं मत जास्त पटतं. पवन-सौर तेव्हा चित्रात कुठेच नव्हते हे मात्र नक्की.

भट्टीची पॉवर कमी करायची म्हणजे कंट्रोल रॉड (न्यूट्रॉन शोषून अणुविखंडन मंद करणाऱ्या सळ्या) आत सारायचे, पण नेहमीचे 'काळे' रॉड न्यूट्रॉन इतके शोषतात की खोल घातले की गाभ्याचा वरचा भाग मंद पडतो आणि खालचा तापतो. म्हणून 'करडे' रॉड आले, त्यांच्या जुडग्यात काही काड्या चांदी-इंडियम-कॅडमियमच्या आणि बाकीच्या साध्या स्टेनलेस स्टीलच्या, त्यामुळे शोषण सौम्य. जोडीला पाण्यातलं बोरॉन कमी-जास्त करायचं, कारण तेही न्यूट्रॉन शोषतं. खरी डोकेदुखी झेनॉन-१३५ ची. हा वायू मुख्यतः आयोडीन-१३५ पासून (अर्धायुष्य साधारण ६.६ तास) बनतो आणि भट्टी जोरात असताना न्यूट्रॉन खाऊन लगेच संपतो, पॉवर उतरवली की संपणं कमी होतं पण आयोडीनमधून बनणं चालूच राहतं, मग काही तासांनी झेनॉन शिगेला पोचतो, न्यूट्रॉन गिळून भट्टी दाबून धरतो आणि नेमकी तेव्हाच संध्याकाळची मागणी आली तर भट्टी वर आणायला बोरॉन पातळ करावं लागतं. इंधनाचा फेरा संपत आला की बोरॉन आधीच नगण्य असतं, ते आणखी कमी करायला भरमसाट शुद्ध पाणी ओतावं लागतं आणि तितकंच किरणोत्सर्गी सांडपाणी निघतं, म्हणून तेव्हा भट्टी बहुधा स्थिर ठेवतात. ईडीएफच्या म्हणण्यानुसार एरवी अर्ध्या तासात पॉवर ८० टक्क्यांनी, म्हणजे १०० वरून २० टक्क्यांवर, उतरवता येते, तेही दिवसातून दोनदा.

तांत्रिक बाजू अशी जमते, पैशाची जमत नाही. अणुवीजेचा बहुतेक खर्च बांधकामाचा, इंधनाचा थोडा, त्यामुळे भट्टी कमी चालवली तर बचत जवळपास शून्य. दुपारी सोलर भरून वाहतं तेव्हा घाऊक बाजारात भाव उणे होतात, म्हणजे विकणाऱ्यालाच पैसे मोजावे लागतात, २०२४ मध्ये असे ३५९ तास नोंदले गेले.

मागणी सरकवायचा जुना उपाय म्हणजे घरातला पाण्याचा हीटर. वीजतारेतूनच १७५ हर्ट्झचा इशारा सोडून लाखो टाक्या रात्री स्वस्त दरात चालू केल्या जात, कारण रात्री अणुवीज उरायची. आता उरते दुपारी, म्हणून नोव्हेंबर २०२५ पासून हे स्वस्त तास टप्प्याटप्प्याने दुपारकडे सरकवले जातायत. ग्राँमेझाँ इथलं १,८०० मेगावॉटचं उदंचन केंद्रही (उरलेल्या विजेने पाणी वर चढवायचं, गरजेला खाली सोडून वीज करायची) याच कामाचं.

धोरणाचं म्हणाल तर धरसोडच जास्त. २०१५ च्या कायद्याने अणुवीजेचा वाटा २०२५ पर्यंत ५० टक्क्यांवर आणायचं ठरलं, २०१९ मध्ये मुदत २०३५ झाली, २०२३ मध्ये ते लक्ष्यच काढून टाकलं. मधे २०२२ मध्ये पाइपांना गंज-तडे सापडून बऱ्याच भट्ट्या बंद पडल्या, अणुवीज २७९ टेरावॉट-तासांपर्यंत घसरली आणि १९८० नंतर पहिल्यांदा देश वर्षाच्या हिशोबात आयातदार झाला. एकाच साच्याच्या भट्ट्यांमुळे एकच दोष सगळीकडे निघतो, हा मुद्दा त्यावेळी पुढे आला. ग्रिड चालवणाऱ्या आरटीई या संस्थेने २०२१ मध्ये २०५० साठी सहा पर्याय मांडले, पूर्ण नवीकरणीयपासून निम्म्या अणुवीजेपर्यंत. नव्या भट्ट्या असलेले पर्याय त्यात स्वस्त निघतात, पण पवन-सौर वाढवल्याशिवाय एकही पर्याय उभा राहत नाही. समुद्रातली पवनवीज तिथे उशिरा आली, सँ-नाझेरचा पहिला मोठा प्रकल्प (४८० मेगावॉट) २०२२ चा.

महाराष्ट्राशी संबंध जैतापूरचा. राजापूर तालुक्यातल्या माडबनजवळ ईडीएफच्या ईपीआर (फ्रेंच बनावटीची नवी, मोठी भट्टी) जातीच्या प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या प्रस्तावित आहेत, एकूण ९,९०० मेगावॉट. ईपीआर लोड फॉलोइंग करू शकते, पण तारापूर (१९६९) धरून भारतातल्या भट्ट्या साधारण बेस लोडवरच (सतत एकाच पातळीवर) चालवल्या गेल्यात, नि जैतापूरचं बांधकाम अजून सुरू झालेलं नाही.