तीस बिट्सचा हुकूम

एकटा गायक गिटार घेऊन रंगमंचावर येतो, एक छोटी सुरावट वाजवतो, पायाने स्विच दाबतो, आणि ती सुरावट मागे आपोआप वाजत राहते. मग गिटारच्या अंगावर थाप मारून ठेका, त्यावर गुणगुणण्याचे दोनतीन थर. बघता बघता एका माणसाचा वाद्यवृंद उभा राहतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात एड शीरनला ऐकायला गेलेल्यांनी हे समोर पाहिलं आहे. गळ्याचं आणि बोटांचं कौतुक होतं, ते व्हायलाच हवं. पण या कलेतलं सगळ्यात नाजूक काम पायाकडे असतं आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

पाय ज्याचा स्विच दाबतो ते यंत्र म्हणजे लूपर, आणि तो मुळात रेकॉर्डरच. शेवट आला की तो न थांबता पुन्हा सुरुवातीला जातो आणि वाजता वाजता नवा आवाज जुन्यावर चढवू देतो. पूर्वी हे टेपवर करत. साठच्या दशकात अमेरिकेत टेरी रायली आणि पॉलीन ऑलिव्हेरोस यांनी, आणि १९७२ मध्ये लंडनला ब्रायन इनो व रॉबर्ट फ्रिप या संगीतकारांनी दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून एकच फीत दोन्हींतून ओवली. पहिल्या यंत्रावर मुद्रित झालेला आवाज फितीबरोबर सरकत दुसऱ्यापाशी पोचे, तिथे वाजे आणि तिथून पुन्हा पहिल्याकडे मुद्रणाला जाई. फीत सेकंदाला १९ सेंटिमीटर सरकत असेल आणि दोन्ही यंत्रांच्या हेडमध्ये (आवाज फितीवर उतरवणाऱ्या आणि वाचणाऱ्या भागांमध्ये) ११४ सेंटिमीटर फीत असेल, तर फेरा सहा सेकंदांचा. तो लांबवायचा तर यंत्रं हलवायची! चालू मैफलीत ते कसं जमणार?

डिजिटल लूपरने ही बेडी तोडली. फेरा केवढा, हे आता वादक दुसऱ्यांदा स्विच दाबतो त्या क्षणी ठरतं. नव्वदच्या दशकात ओबरहाइम कंपनीने आणलेल्या ‘एकोप्लेक्स डिजिटल प्रो’ या यंत्रात तर मुद्रण, ओव्हरडब (जुन्यावर नवा थर), अनडू (शेवटचा थर काढणं), म्यूट (आवाज बंद), फेऱ्याची लांबी पटीत वाढवणं अशी कितीतरी कामं होती. एवढी कामं एकदोन बटणांवर भागत नाहीत, आणि वादकाचे हात वाद्यावर गुंतलेले. म्हणून मिडी फूटकंट्रोलर: पायाने दाबायच्या स्विचांची पाटी, जी मिडी या वाद्ययंत्रांच्या सामाईक भाषेत लूपरला हुकूम देते.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. मिडीच्या केबलमधून आवाज जातच नाही. गिटारचा आवाज आपल्या वेगळ्या वायरने थेट लूपरमध्ये शिरतो. पायाखालच्या पाटीचा त्याला स्पर्शही होत नाही. ती फक्त आकडे पाठवते. ‘कंट्रोल चेंज’ हा संदेश घ्या: १७६, ८०, १२७. पहिला आकडा सांगतो की हा कंट्रोल चेंज आहे आणि पहिल्या चॅनेलसाठी आहे. दुसरा, कंट्रोल क्रमांक ८०. तिसरा, त्याची किंमत, जी ० ते १२७ असू शकते. ८० म्हणजे ‘मुद्रण सुरू’ की ‘म्यूट’, हे लूपरमध्ये आपणच ठरवून ठेवायचं. एकेका आकड्याचे आठ बिट्स (बिट म्हणजे ० किंवा १), पुढेमागे एकेक खुणेचा बिट, म्हणजे एका हुकुमाचे तीस बिट्स झाले. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिडीच्या नियमावलीत वेग सेकंदाला ३१,२५० बिट्स ठरला आणि जुन्या पाच पिनांच्या केबलवर आजही तोच आहे. हिशेब करा: एक हुकूम पोचायला ०.९६ मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात हवेतून आवाज जेमतेम ३३ सेंटिमीटर जातो.

केबलच्या दुसऱ्या टोकाची रचना मला फार आवडते. तिथे एका चिमुकल्या चिपमध्ये एलईडी असतो आणि त्याच्या समोर प्रकाश ओळखणारा घटक. सुमारे पाच मिलिअँपिअर प्रवाह आला की एलईडी लागतो, समोरच्याला तो दिसतो आणि बिट पोचतो. दोन यंत्रांमधला विद्युतमार्ग तिथे तुटलेला असतो. त्यामुळे पाटी एका सॉकेटवर आणि लूपर दुसऱ्या सॉकेटवर असला, तरी अर्थिंगच्या फरकातून येणारी ५० हर्ट्‌झची घुंई या वाटेने ध्वनियंत्रणेत शिरत नाही.

आता पायाच्या त्या नाजूक कामाकडे येऊ. पाय थोडा चुकला तर काय होतं?

तीनतालाचं एक आवर्तन लूप करायचं आहे, लय मिनिटाला १२० मात्रा. एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, १६ मात्रांचे आठ सेकंद. पहिला दाब अगदी समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, पडला आणि दुसरा २० मिलिसेकंद उशिरा, तर लूप ८.०२ सेकंदांचा झाला. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण तो जादा वेळ सोळाव्या मात्रेत जाऊन बसतो: ती ५२० मिलिसेकंदांची होते, चार टक्क्यांनी लांब, आणि प्रत्येक आवर्तनात तशीच परत येते. स्टॉकहोमच्या संशोधकांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजमापांनुसार, समान अंतराने पडणाऱ्या अशा ठोक्यांत सुमारे अडीच टक्क्यांचा फरक कानाला कळू लागतो. म्हणजे हा अडखळा कळणारच. हातून एखादी मात्रा सरकली तर ती त्या क्षणापुरती असते. लूपमधली चूक मैफलभर दर समेला ठेच लावते.

गंमत अशी की दोन्ही दाब सारखेच, २० मिलिसेकंदांनीच उशिरा पडले, तर लूप बरोबर आठ सेकंदांचा होतो. समेवरच्या स्वराची पहिली २० मिलिसेकंदं सुरुवातीला सुटतात हे खरं, पण पुढच्या समेची तेवढीच लूपच्या शेवटी येऊन बसतात आणि सांधा जुळतो. अट एकच: दुसऱ्या दाबाच्या वेळी वाजवणं थांबवायचं नाही, समेवरून पुढे जायचं. म्हणजे उशीर फारसा नडत नाही, उशिरातला कमीजास्तपणा नडतो. पेडल घेताना लोक वेग किती ते विचारतात. मी म्हणेन, प्रत्येक वेळी तो तेवढाच असतो का, ते विचारा.

हा कमीजास्तपणा येतो कुठून? एक तर पायातून. त्याला रियाजाशिवाय उपाय नाही. दुसरं कारण स्विचमध्ये. धातूच्या पट्ट्या एकमेकींवर आपटल्या की काही मिलिसेकंद थरथरतात आणि एका दाबाचे अनेक दाब झाल्यासारखे दिसतात. चांगला कंट्रोलर पहिल्या स्पर्शालाच हुकूम सोडतो आणि नंतरच्या थरथरीकडे दुर्लक्ष करतो. काही यंत्रं मात्र थरथर शमायची वाट पाहतात. तिसरं कारण स्वस्ताईतलं: एकाच स्विचवर दोन कामं. ‘दाबून सोडलं तर मुद्रण, दाबून धरलं तर पुसणे’ अशी सोय असली की पाय उचलेपर्यंत यंत्राला तुमचा इरादा कळत नाही. मग वेळ ठरते पाय उचलण्यावर, आणि पाय उचलण्याचा ताल आपण कुणी कधी घोटलेला नसतो. म्हणून मी ठामपणे सांगतो: मुद्रणाला स्वतंत्र स्विच द्या आणि तो दाबताक्षणी काम करेल असाच जोडा. बेहरिंजरच्या एफसीबी१०१० या पाटीवर दहा क्रमांकित स्विच आणि दोन एक्स्प्रेशन पेडल (पायाने कमीजास्त दाबता येणारी) असतात. एका माणसाला ते पुरतात. पुसण्याचा स्विच मुद्रणाच्या शेजारी मात्र नको.

पायावर भरवसा नसेल तर क्वांटाइझ, म्हणजे दाबाची वेळ यंत्रानेच तालात बसवण्याची सोय, आहे. यंत्रांना लय सांगणारं मिडी घड्याळ प्रत्येक मात्रेला २४ टिचक्या पाठवतं, म्हणजे तीनतालाच्या आवर्तनाला ३८४, झपतालाला २४०. तुम्ही सोळाव्या मात्रेत कधीही स्विच दाबा, यंत्र समेपर्यंत थांबून लूप बंद करतं. मात्र तेव्हा तुम्हाला घड्याळाच्या लयीला बांधून घ्यावं लागतं, आणि समेनंतर जरा उशिरा दाबलं तर पुढच्या समेची वाट पाहावी लागते.

एक्स्प्रेशन पेडलचं सगळ्यात सुरेख काम म्हणजे फीडबॅक, प्रत्येक फेरीत जुना आवाज किती राखायचा ते ठरवणं. पेडल पूर्ण दाबलेलं, १२७ वर, असताना लूप जसाच्या तसा फिरतो. ते जरा उचलून ११४ च्या आसपास आणलं की प्रत्येक फेरीत जुन्या आवाजाची पातळी दहा टक्क्यांनी घटते आणि सात फेऱ्यांत निम्म्याखाली जाते. वर नवे स्वर चढत राहतात, खालचे विरत जातात.

आपल्याकडे तबलावादनाला लेहरा लागतो, आणि हार्मोनियमवर एकच सुरावट आवर्तनामागून आवर्तन धरून बसणारा साथीदार घरच्या रियाजाला रोज कुठून आणायचा? लूपर हे काम करतो. स्वतः लेहरा वाजवायचा, समेवर स्विच दाबायचा आणि तबल्याकडे वळायचं. पेशकार आणि एका लयीतले कायदे या तबल्यावरच्या रचनांना तो उत्तम. पुढे लय चढवायची झाली की अडचण येते, कारण साध्या लूपरमध्ये वेग वाढवला की पट्टीही वर चढते आणि तबला बेसूर ठरतो. त्यासाठी आवाजाची उंची न बदलता वेळ ताणणारं यंत्र हवं, किंवा चढत्या लयीचा लेहरा सुटे स्वर जुळवून वाजवणारं ॲप.