वेड्रॉइड

वेड्रॉइड ही लिनक्स संगणकावर अँड्रॉइडची संपूर्ण प्रणाली एका कंटेनरमध्ये, म्हणजे बाकीच्या प्रणालीपासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात, चालवणारी मुक्तस्रोत व्यवस्था असून ती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिला सर्रास इम्युलेटर म्हटले जाते, ते बरोबर नाही. इम्युलेटर फोनचे हार्डवेअर सॉफ्टवेअरमध्ये उभे करतो. येथे त्याची गरजच पडत नाही, कारण अँड्रॉइडचा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, मुळात लिनक्सचाच आहे. संगणकावर आधीच चालू असलेल्या कर्नलवर लिनिएजओएस या अँड्रॉइडच्या मुक्त आवृत्तीवर आधारलेली प्रणाली एलएक्ससी या कंटेनर चालवणाऱ्या साधनाच्या साहाय्याने स्वतंत्र नेमस्पेसमध्ये (कर्नलने वेगळ्या राखलेल्या विभागात) सुरू केली जाते. तिला प्रक्रिया, नेटवर्क आणि फाइली स्वतःच्या दिसतात, पण खालचा कर्नल सामाईकच राहतो. वेग चांगला मिळतो तो यामुळेच.

अँड्रॉइडमधील प्रक्रियांचा आपसांतील संवाद बाइंडर या यंत्रणेतून होतो. ही यंत्रणा लिनक्स कर्नलच्या मूळ स्रोतात आहे, तरी लिनक्सचे प्रत्येक वितरण (तयार आवृत्ती) ती चालू करून देतेच असे नाही, आणि तसे नसेल तर वेड्रॉइड सुरूच होत नाही. पडद्यावरील चित्रण वेलँड या लिनक्सच्या प्रदर्शन-यंत्रणेमार्फत होते व प्रत्येक अ‍ॅप स्वतंत्र खिडकीतही उघडता येते. मेसा हा मुक्तस्रोत ग्राफिक्स ड्रायव्हर असल्यास ग्राफिक्स कार्ड थेट वापरले जाते. एनव्हिडियाच्या बंदिस्त ड्रायव्हरवर मात्र बहुधा प्रोसेसरवरच भागवावे लागते.

या कल्पनेचा पाया सायमन फेल्स यांनी २०१७ मध्ये जाहीर केलेल्या अ‍ॅनबॉक्सने घातला. त्याचे काम २०२३ मध्ये थांबले. वेड्रॉइड हा सुसंगतता-स्तर, म्हणजे एका प्रणालीची अ‍ॅप्स दुसरीवर थेट चालवणारा थर, नव्हे; खऱ्या अर्थाने तसे म्हणावे तो अँड्रॉइड ट्रान्सलेशन लेयर हा वेगळा प्रकल्प. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या वाइनप्रमाणे तो कंटेनरशिवाय, अँड्रॉइडच्या सुविधा जीटीके (खिडक्या व बटणे रचणारी लायब्ररी) यांसारख्या लिनक्सच्या घटकांवर नव्याने रचतो.

केवळ जावा किंवा कोटलिनमध्ये लिहिलेली अ‍ॅप्स इंटेल व एएमडीच्या प्रोसेसरवर जशीच्या तशी चालतात. पण अनेक खेळांमध्ये फोनमधील एआरएम जातीच्या प्रोसेसरसाठीच बांधलेल्या लायब्ररी असतात. त्यांच्यासाठी लिबहुडिनी किंवा लिबएनडीके हा अनुवादक वेगळा बसवावा लागतो.

याहून कठीण अडथळा प्रमाणीकरणाचा आहे. गूगलच्या सेवा असलेली इमेज (अँड्रॉइड प्रणालीची तयार फाइल) घेतली, तरी उपकरणाचा क्रमांक गूगलकडे नोंदवल्याखेरीज प्ले स्टोअर ते प्रमाणित मानत नाही, आणि नोंदणीनंतरही उपकरणाची अखंडता कसोशीने तपासणारी बँकांची अ‍ॅप्स नकार देऊ शकतात. भारतात ही अडचण दुहेरी होते : यूपीआय अ‍ॅप नोंदणीसाठी उपकरणातील सिमवरून एसएमएस पाठवते आणि डेस्कटॉपवरील कंटेनरला सिमच नसते.