फ्रेंच हॉर्नचा रोटरी व्हॉल्व्ह आणि तीन अंशांचा हिशेब

फ्रेंच हॉर्न या पितळी फुंकवाद्याची कळ ढिली पडली आणि सूर बदलेनासा झाला, की व्हॉल्व्ह, म्हणजे हवेची वाट बदलणारी झडप, कामातून गेला असा सर्रास समज होतो. खरं तर आतला फिरणारा रोटर क्वचितच मोडतो. तुटतात ती बाहेरची छोटी अंगं: कळीला रोटरशी जोडणारा दोरा, रोटर थांबवणारी बम्परची गादी आणि कधीतरी तिच्यावर टेकणारा स्टॉप आर्म.

जोसेफ रीडलने १८३५ साली व्हिएन्नात पेटंट घेतलेली ही रचना मोठी देखणी आहे. पितळी रोटरमध्ये दोन वाटा कोरलेल्या असतात. तो ९० अंशांत फिरला की हवा जादा नळीतून वळसा घेते. एफ स्वरातल्या हॉर्नची नळी सुमारे ३.७ मीटर लांब असते. अर्धा स्वर उतरवायला ६ टक्के, म्हणजे साधारण २२ सेंटीमीटर लांबी वाढावी लागते, आणि ती दुसऱ्या व्हॉल्व्हच्या वळशात असते.

हे ९० अंश ठरतात स्टॉप आर्ममुळे. रोटरच्या आसावर पेचाने बसवलेला हा छोटा पितळी तुकडा दोन्ही बाजूंना रबराच्या किंवा बुचाच्या बम्परवर टेकतो आणि रोटर थांबतो. बम्पर झिजून रोटर ३ अंश पुढे गेला, तर १० मिलिमीटर त्रिज्येवर वाटेची कड अर्धा मिलिमीटर सरकते. सुमारे १२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत तेवढी पायरी तयार होते. ध्वनिलहरीचा काही भाग तिथूनच मागे परततो, सूर कोंदट होतो आणि वरचे स्वर निसटतात. वाद्य द्रव नायट्रोजनच्या उणे १९६ अंश सेल्सिअसमध्ये गोठवलं की नाद खुलतो, असं सांगून लोकांकडून पैसे घेतले जातात. त्यापेक्षा व्हॉल्व्हची मागची कॅप उघडून खुणा बघाव्यात. बेअरिंग प्लेटवर, म्हणजे आसाचं टोक पेलणाऱ्या चकतीवर, दोन खुणा असतात आणि आसाच्या टोकावर त्यांच्या जोडीची खूण. कळ सोडल्यावर एक जुळली पाहिजे, दाबल्यावर दुसरी.

जुळत नसेल तर बम्पर बदलायचा. रबराची दोरी ताणली की बारीक होते. तशीच ती खोबणीत ओढून घ्यायची आणि सोडायची, म्हणजे फुगून घट्ट बसते. मग धारदार ब्लेडने पापुद्र्याएवढं काप काढायचं, खूण बघायची, पुन्हा काप. जास्त कापलं गेलं तर नवा तुकडा घालण्यावाचून गत्यंतर नाही.

कडक झालेल्या बम्परवरचे ठोके सोसून स्टॉप आर्म मानेशी तडकतो. तो काढण्यासाठी आधी दोरा सोडवायचा. पेच दोन-तीन आटेच ढिला करायचा, पूर्ण काढायचा नाही. मागून हात धरून पेचाच्या डोक्यावर लाकडी हातोडीने हलके ठोके दिले की रोटर बेअरिंग प्लेटसकट हातात येतो. मोडलेला तुकडा कथिलाने झाळू नये. सांधा एवढासा, धक्के रोजचे. तो टिकत नाही. चांदीमिश्रित डाख टिकतो, पण त्याला ६०० अंश सेल्सिअसच्या वर ताप लागतो. त्यात पितळ मऊ पडतं आणि आर्म वाकू लागतो. डाख आसाच्या भोकात उतरला तर आर्म नीट बसतही नाही. म्हणून नवा आर्म घडवून घेणंच शहाणपणाचं. शेजारच्या व्हॉल्व्हचा आर्म किंवा रोटर मात्र लावू नये. प्रत्येक जोडी एकमेकांना घासून बसवलेली असते.

जोडताना प्लेटवरची खूण केसिंगवरच्या, म्हणजे रोटर ज्यात बसतो त्या कवचावरच्या, खुणेशी जुळवायची आणि लाकडी नळकांड्याने फक्त कडेवर ठोकायचं. रोटर अडला तर प्लेट तिरकी बसलीय. वर राहिलेल्या बाजूवर एक हलका ठोका पुरतो. पॉलिशची पेस्ट घालून रोटर मोकळा करणं ही घोडचूक आहे, कारण रोटर आणि केसिंगमधली फट केसापेक्षाही बारीक असते. ती वाढली की हवा गळते.

शेवटी दोरा. विणलेला पॉलिएस्टरचा, सुमारे २५ सेंटीमीटर. एका टोकाला गाठ मारून तो कळीच्या दांडीतल्या पहिल्या भोकातून काढायचा, आर्मला वळसा देऊन आर्मवरच्या छोट्या पेचाभोवती फिरवायचा, उलट बाजूने वळसा पुरा करून दुसऱ्या भोकातून आणायचा आणि टोकाच्या पेचाखाली आवळायचा. वरून पाहिल्यास इंग्रजी आठचा आकडा दिसतो. कळ बाकीच्या कळींच्या पातळीत आली की आर्मवरचा पेच घट्ट करायचा.

मग कळ न दाबता त्या व्हॉल्व्हची स्लाइड, म्हणजे जादा नळीचा सरकता भाग, थोडी बाहेर ओढायची आणि कळ दाबायची. ‘पक्’ असा आवाज आला, तर हवा गळत नाही.